सर, परत इंटरवल झाला का?

प्रति,
परदेशी सुपरहिरोंचे सिनेमे आपल्याकडं आणणारे वितरक, ते मराठीत करून घेणारे डबिंगवाले आणि मराठवाड्यातल्या थिएटरांचे मालक व मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईचा. शाळेत चित्रकला शिकवतो, एलिमेंट्री-इंटरमिजिएटला मुलं बसवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्या गच्चीवर पत्र्याखाली वर्ग घेतो. पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघड्यावर लिहितोय. याआधी दोनदा पाकिटातून पाठवून पाहिलं, पोचसुद्धा आली नाही.

१ जून २०२३ ला ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा ॲनिमेशनचा सिनेमा आपल्याकडं लागला. त्याचा पुढचा भाग २०२७ च्या जूनमध्ये येणार, ही बातमी परवा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली आणि तीन वर्षांपूर्वी तो बघून परतताना क्रूझर जीपमध्ये पेटलेलं भांडण जिथं थांबलं होतं तिथून परत सुरू झालं. एक म्हणतो, असा पिक्चर पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, एवढा वेळ बसवून शेवटच दाखवला नाही, पैसे परत मागायला पाहिजे होते. तिसऱ्याला स्पायडरमॅनच लई झाले, कोण कुठला तेच कळंना. चौथी या तिघांनाही म्हणते, तुम्हाला चित्रातलं काय कळतंय.

दोन दिवस मी सगळं वाचत गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. यातली निम्मी पोरं सिनेमाला नावं ठेवतच नाहीयेत. त्या दिवशी थिएटरात त्यांच्या वाट्याला जे आलं त्याला ठेवतायत. आणि ज्यांच्यामुळं ते वाट्याला आलं त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

आधी त्या दिवसाचं सांगतो.

वर्गात तेवीस मुलं होती, पाचवी ते दहावीची. त्यांना हा सिनेमा दाखवायचं मी ठरवलं ते स्पायडरमॅनसाठी नाही, रंगांसाठी. यात अनेक विश्वं आहेत, प्रत्येकाचा स्पायडरमॅन निराळा, आणि प्रत्येक विश्व वेगळ्या हातानं काढल्यासारखं आहे. ग्वेन ही त्यातली स्पायडर-पोरगी, तिचं जग जलरंगातलं, आणि ते रंग तिच्या मनाबरोबर पालटतात. बापासमोर ती उभी राहते तेव्हा मागच्या भिंतीवरून रंग ओघळायला लागतो. स्पायडर-पंक म्हणून एक पोरगा आहे, तो मासिकाची कात्रणं फाडून चिकटवल्यासारखा हलतो. उष्ण रंग, शीत रंग मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवतोय. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि कागदावर आभाळ निळं नि झाड हिरवं काढून मोकळी होतात. म्हटलं, एकदा रंगानं राग दाखवता येतो हे डोळ्यांनी बघू द्या. चित्र आणि मजकूर एकात एक गुंफायचं आमच्या गावाला काही नवं नाही म्हणा. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी अंबाजोगाईतच आहे.

दुसरं कारण भाषा. हा सिनेमा भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, गुजराती, पंजाबी, बंगाली, आणि मराठी. सुपरहिरोच्या मोठ्या सिनेमाच्या पोस्टरवर आमच्या भाषेचं नाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. मराठी ट्रेलर मुलांनी माझ्या मोबाईलवर एवढ्या वेळा पाहिला की डाटा पॅक दुपारीच संपायचा. पाचवीतल्या एकीनं विचारलं, “सर, स्पायडरमॅन आपल्यासारखं बोलतंय?” मी हो म्हणालो. तिथंच चुकलं माझं.

दोन क्रूझर ठरवल्या, डबे बांधले आणि लातूरला गेलो. थिएटरचं नाव घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि इतर गावच्या शिक्षकांशी बोलल्यावर कळलं की कुठंही गेलो असतो तरी थोड्याफार फरकानं हेच झालं असतं.

खिडकीवर विचारलं, मराठीचा शो कितीचा? आतला माणूस हसला. कुचेष्टेनं नाही, खरंच नवल वाटून. “सर, इंग्लिश पिक्चर मराठीत कोन बघतंय? हिंदी हाय, बाराचा.” मी म्हणालो, अहो, मराठीत निघालाय, जाहिरात झालीय. तो म्हणाला, “निघाला आसंल. हितं न्हाई आला.” मुलं मागं रांगेत उभी. परत फिरायची सोय नव्हती. तेवीस मुलं, मी आणि बायको, पंचवीस तिकिटं, दीडशेनं पावणेचार हजार.

आत पंखे होते, कूलर होता, पण १ जूनच्या ऊनापुढं ते काय करणार. वारं यावं म्हणून डाव्या बाजूचं दार उघडं ठेवलेलं. बाराच्या उन्हाची तिरीप थेट पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर. मशीनचा दिवा आधीच मिणमिणता. ज्या जलरंगांसाठी मी मुलांना दीड तास उन्हातून आणलं ते जलरंग आले, आणि पडद्यावर दिसलं काय, तर वर्गात दिवसभर ब्रश धुतल्यावर डब्यात उरतं ते पाणी. गुलाबी नाही, निळं नाही. एक मुलगा कुजबुजला, “सर, त्या कोपऱ्यात काय हाय ते दिसनाच.” बॅटरीवाला डोअरकीपर भला माणूस होता, दार लावायला गेला. चार जणांनी ओरडून परत उघडायला लावलं. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

आवाजाचं वेगळंच. सुरुवातीच्या प्रसंगांत संवाद नीट ऐकू येत नाहीत ही तक्रार या सिनेमाबद्दल परदेशातही झाली होती, आणि तिथं थिएटरांना आवाज वाढवायला सांगण्यात आलं. इथं मी मॅनेजरकडं गेलो तर म्हणाला, “बेस वाढवून ठिवलाय सर, पब्लिकला आवडतंय.” बेसनं खुर्च्या हादरत होत्या, पण पोरगी बापाला काय म्हणतेय ते ऐकू येत नव्हतं.

आता इंटरवल. हॉलिवूडच्या सिनेमाला मुळात इंटरवल नसतो, तो आपण पाडतो. पाडायला हरकत नाही, आम्हालाही पाय मोकळे करायचे असतात. पण कुठं पाडला? कथा मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेल्या मुंबॅटन नावाच्या शहरात येते. तिथं पवित्र प्रभाकर हा आपला भारतीय स्पायडरमॅन भेटतो. इमारत कोसळायला लागते, त्यात इन्स्पेक्टर सिंग सापडतो, आणि माइल्स, म्हणजे सिनेमाचा नायक असलेला स्पायडरमॅन, त्याला वाचवायला झेप घेतो. ती झेप हवेत असताना दिवे लागले. समोशाचा ट्रे घेऊन पोऱ्या आत आला.

परत सुरू करताना घंटा दिली नाही. मुलं मुतारीच्या रांगेत असताना सिनेमा पुढं निघून गेला. जे पाच-सात मिनिटं गेलं त्यातच सिनेमाची गाठ होती. माइल्सनं त्या माणसाला वाचवलं म्हणून त्या विश्वाला तडा जातो, कारण तो माणूस मरायचा ठरलेला होता. स्पायडरमॅनांचा म्होरक्या मिगेल ओ’हारा याचं म्हणणं असं की प्रत्येक स्पायडरमॅनच्या नशिबी काही दुःखं लिहिलेलीच असतात, जवळचा पोलीस कॅप्टन मरणं हे त्यातलंच एक, आणि ती चुकवायला गेलं की अख्खं जग कोसळतं. माइल्सचा बाप पोलिसात, कॅप्टन व्हायच्या बेतात. म्हणजे त्याचीही पाळी ठरलेली. आणि पोरगं म्हणतं, मी मरू देणार नाही. सगळा सिनेमा या एका ‘नाही’वर उभा आहे. इन्स्पेक्टर सिंगला वाचवल्यावर काय झालं हेच ज्यानं पाहिलं नाही, तो बाहेर येऊन “काय चाललंय ते कळलंच न्हाई” म्हणणार नाही तर काय म्हणेल? ग्रुपवर तेच वाक्य परवा सात जणांनी लिहिलंय. सातही जण त्या रांगेतले. मी मोजले.

शेवट तुम्हाला माहीत आहे. माइल्स घरी परततो, पण ते घर त्याचं नसतं, विश्वच दुसरं. ग्वेन त्याला शोधायला टोळी जमवते. आणि एकदम काळा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं. दिवे लागले, दारं उघडली. माझी मुलं जागची हलली नाहीत. पाचवीतल्या त्याच मुलीनं विचारलं, “सर, परत इंटरवल झाला का?”

झाडूवाल्या मावशी आल्या तेव्हा कुठं त्यांना खरं वाटलं.

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. मोठ्या मुलांचा निम्मा गट चिडलेला, फसवलं म्हणून. निम्मा हरखलेला. गंमत म्हणजे हरखलेल्यांत बहुतेक तेच होते ज्यांना गोष्ट अर्धीच आहे हे आधी ठाऊक होतं. पवित्रवरूनही दोन तट पडले. चहाला ‘चाय टी’ म्हणणाऱ्या माइल्सला तो झापतो तेव्हा सगळं थिएटर हसलं होतं, पण एकाचं म्हणणं, भारताचा म्हणून एवढा गाजावाजा केला आणि दाखवला किती, तर चिमूटभर. दुसरी म्हणाली, चिमूटभर का होईना, त्याच्याच गावात गोष्ट फिरली की! दोघांचंही बरोबर आहे. लिहिलेलं चुकत नसतंय असं एकानं म्हातारपणाच्या आवाजात सांगितलं, तर पुढच्या सीटवरून दुसरा खेकसला, “मग हातावर हात धरून बसायचं का?” ड्रायव्हरसुद्धा या वादात पडला. त्यानं सिनेमा पाहिलाच नव्हता.

मागच्या सीटवर एक मुलगा, तेव्हा नववीत जाणार होता, खिडकीबाहेर बघत बसलेला. त्याचे वडील आदल्या वर्षी गेले. कसे, ते आमच्या जिल्ह्यात कुणी विचारत नाही. रेणापूरला चहाला उतरलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “सर, त्याचा बाप वाचतोय का?” मी म्हणालो, पुढच्या मार्चमध्ये कळेल. तेव्हा पुढच्या भागाची तारीख २९ मार्च २०२४ होती. ती गेली. मग तारीखच राहिली नाही, आणि आता २०२७. तो मुलगा संभाजीनगरला पॉलिटेक्निकला आहे. परवा ग्रुपवर बातमी पडली तेव्हा सगळ्यांनी पानंच्या पानं लिहिली, त्यानं नुसता अंगठा टाकला.

उशिराबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहितो. चित्र काढायला वेळ लागतो हे चित्रकलेच्या मास्तरला कुणी शिकवायला नको. एक एक चौकट हातानं घडवायची म्हणजे खेळ नाही, त्यात २०२३ ला तिकडं लेखक-नटांचे संप झाले. लागू द्या चार वर्षं. माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्या इथल्याच लोकांकडं आहेत.

पहिली. गोष्ट अर्धी आहे हे लपवलं का? २०२१ च्या डिसेंबरात या सिनेमाची पहिली झलक आली तेव्हा नावापुढं ‘भाग पहिला’ असं लिहिलेलं होतं. २०२२ मध्ये ते काढलं आणि पुढच्या सिनेमाला वेगळं नाव दिलं. ते काढणारे सातासमुद्रापार आहेत, त्यांच्यापर्यंत माझं पत्र पोचायचं नाही. पण इथल्या पोस्टरवर, तिकीट खिडकीवर एक ओळ लिहायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? आपल्याकडं मासिकात दोन पानांची गोष्ट तुटली तरी तळाशी ‘क्रमशः’ छापतात. दीडशे रुपये देणाऱ्याला तेवढाही मान नाही?

दुसरी तक्रार मराठीची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागलेली आहे, म्हणून जरा लांबेल.

खिडकीवरच्या माणसाचं समाधान झालं नाही म्हणून मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, वरूनच मराठी आलं नाही. ओळख काढून एका वितरकाच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, थिएटरवाल्यांनी मागितलंच नाही. परत मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, मागायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं? हा फोन-फोनचा खेळ खेळता खेळता मला तुमच्या धंद्यातली एक गोष्ट कळली, आणि दोन दिवस मी एकटाच हसत होतो. सिनेमाच्या व्यापारात देशाचे जे सर्किट, म्हणजे वितरणाचे विभाग, पाडलेले आहेत, त्यात मराठवाडा मुंबई सर्किटात नाही. आम्ही ‘निझाम’ सर्किटात आहोत. तेलंगण, पलीकडचे बिदर-गुलबर्गा आणि आम्ही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. आमच्या आजोबांनी रझाकार पाहिले, आम्ही दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंडा फडकवतो, आणि तुमच्या हिशेबाच्या वहीत आम्ही अजून निजामाचीच रयत!

त्या नकाशामुळंच मराठी शो आला नाही असं मी म्हणत नाही. पण जो नकाशा आम्हाला हैदराबादेच्या खात्यात टाकतो, त्याला आम्ही मराठीत सिनेमा बघू हे चटकन सुचणार तरी कसं? ज्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये मराठीत ‘विवेकसिंधु’ लिहिला असं आपण शिकतो, त्यांची समाधी माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. पलीकडं गंगाखेड जनाबाईंचं, नर्सी नामदेवांची, पैठण नाथांचं. एवढी मराठी जिथं पिकली तिथल्या पोरीला खिडकीवरून उत्तर मिळतं, मराठीत कोन बघतंय.

हिंदी आम्हाला कळत नाही असा याचा अर्थ नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या आजोबांची आम्ही नातवंडं, बाजारात अर्धी बोलणी दखनीत होतात. पण भरधाव सुटलेल्या सिनेमात विनोद कळून हसू फुटेपर्यंत पुढचे तीन विनोद होऊन जातात. पाचवीतल्या मुलीला त्या क्षणी भाषांतर करायला वेळ नसतो. शिवाय पवित्र प्रभाकर! पीटर पार्करचं नाव फिरवून केलेला हा पोरगा. २००४ सालच्या मूळ कॉमिकमध्ये तो खेड्यातला आहे, शिष्यवृत्ती मिळवून माया आत्या आणि भीम काका यांच्यासोबत मुंबईला येतो, आणि धोतर नेसतो म्हणून शाळेत त्याची टिंगल होते. आमच्याकडून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, धोतराच्या जागी बोली घाला, गोष्ट तीच. त्याच्या हिंदी आणि पंजाबी आवाजासाठी शुभमन गिलला आणलं आणि त्याची केवढी जाहिरात केली. मराठीत त्याला आवाज कुणी दिला, ते माझ्या तेवीसातल्या एकालाही सांगता येत नाही. तो आवाज देणारा कलाकार जो कुणी असेल, त्याच्यासाठी मला वाईट वाटतं. त्यानं काम केलं आणि आमच्यापर्यंत ते आलंच नाही.

रिळांच्या पेट्या यष्टीच्या टपावरून यायच्या तेव्हा एक जादा प्रिंट म्हणजे खर्च होता, हे मान्य. आता चित्र तेच असतं, भाषेचा आवाज तेवढा निराळ्या फाइलीत येतो आणि शो उघडायला किल्लीचा कोड येतो. दिवसातला एक शो मराठी लावायला नवं यंत्र लागत नाही, नवा पडदा लागत नाही. इच्छा लागते आणि एक फोन.

डबिंगवाल्यांना थोडक्यात सांगतो. “अरे मित्रा, हे तू काय करत आहेस?” असं कुणी बोलत नाही. अंबाजोगाईत नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे सदाशिव पेठेतही नाही. आमच्याकडं “काय करायलास?” म्हणतात. शंभर स्पायडरमॅन एकमेकांच्या अंगावर पडत असताना त्यातला एक तरी परभणीचा वाटू द्या, एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा. प्रत्येक विश्वाचा हात वेगळा काढणाऱ्या सिनेमाला प्रत्येक विश्वाची बोली वेगळी शोभेल की! आणि आमची बोली वापरलीत तर ती विनोदी नोकराच्या नाहीतर गुंडाच्याच तोंडी घालू नका. जग वाचवणाऱ्याच्या तोंडी घाला एकदा.

थिएटरवाल्यांवर मी उगाच चिडलोय असं वाटायला नको. आमच्या भागातली जुनी थिएटरं एकामागून एक मंगल कार्यालयं झाली. उरलेली तुम्ही कशी चालवता हे दिसतं. विजेचं बिल, दिव्याची किंमत, रिकाम्या खुर्च्या, आणि स्टँडसमोर वीस रुपयांत पेनड्राइव्हमध्ये तोच सिनेमा भरून देणारा मोबाईलवाला. पण त्या मोबाईलवाल्याकडं जाणारं पोरगं तुमच्याकडं का येईल? पडदा मोठा म्हणून, रंग दिसतात म्हणून, आवाज भिडतो म्हणून. तेच तुम्ही दिलं नाही तर पाच इंचाची काच बरी. सिनेमावर सगळ्यात कडवट मत माझ्या ग्रुपवर कुणाचं आहे सांगू? ज्यानं तो थिएटरात पाहिला त्याचं. फोनवर चोरून बघितलेल्याला आवडला.

हे लिहिताना माझा मलाच राग आला, कारण चोरीची शिफारस केल्यासारखं होतंय. पण आहे ते असं आहे.

याच्या पुढची तक्रार निकालाची. वितरकाचा तो माणूस फोन ठेवताना म्हणाला होता, “मराठवाड्यात हे पिक्चर चालत न्हाईत सर.” कोणता सिनेमा चालला नाही? जो दाखवला तो, की जो काढला तो? अर्ध्या उजेडात, दुसऱ्या भाषेत, मधली पाच मिनिटं गाळून, शेवट नसल्याचं न सांगता जे दाखवलं, त्यावर माझ्या मुलांनी मत दिलं. तुम्ही ते मत सिनेमाच्या नावावर टाकलं आणि पुढच्या वेळी शो आणखी कमी केले. मुलं आपसात भांडतात, भांडू द्या. रंगत की लांबण, नशीब की जिद्द, पवित्र जास्त हवा होता की पुरला, यावर रात्रभर भांडावं असाच तो सिनेमा आहे. मला स्वतःला विचाराल तर शेवटाची लबाडी सोडली तर मी त्याच्या बाजूचा आहे. पण भांडायला आधी सगळ्यांनी एकच सिनेमा पाहिलेला असावा लागतो.

आता मागण्या. फार नाहीत.

२०२७ च्या जूनमध्ये जो भाग येईल तो मराठीत काढणार असाल तर आठही जिल्ह्यांत, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेडला, पहिल्या आठवड्यात रोज निदान एक शो मराठी लावा. तो सकाळी नऊचा नको, की रिकामा गेला म्हणून दुसऱ्या दिवशी काढायला बरं. मराठीत काढणारच नसाल तर तसं आधी सांगा. ट्रेलरनं आशा लावू नका.

त्याच्या आदल्या आठवड्यात मागचा भाग परत दाखवा, त्याच मराठी आवाजात. तो आम्ही पाहिलेलाच नाही, असं समजा.

गोष्ट अर्धी असेल तर पोस्टरवर आणि खिडकीवर मराठीत लिहा.

इंटरवल कुठं पाडायचा ते वितरकांनी थिएटरला लिहून द्यावं, मशीनवाल्याच्या अंगठ्यावर सोडू नये. परत सुरू करताना घंटा द्यावी आणि रांग आत येईपर्यंत दोन मिनिटं थांबावं. शो चालू असताना दार उघडं ठेवायचं असेल तर निदान जाड पडदा टाका. आमच्या बाजारात ताडपत्री मिळते, पाहिजे तर मी आणून देतो.

आणि मुलांसाठी दुपारचा एक शो १०० रुपयांत ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर ५ टक्केच जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. दीडशेच्या तिकिटातला कर आणि आमच्या रिकाम्या खुर्च्या यांचा हिशेब एकदा मांडून बघा. जून म्हणजे आमच्याकडं पेरणीचा महिना, बी-बियाणात घरचा पैसा अडकलेला असतो. २०२३ ला तर पुढं मृग कोरडाच गेला, आणि त्याच पेरणीच्या तोंडावर पालकांनी मुलांच्या हातात दीडशे रुपये दिले होते.

उत्तर मराठीत पाठवलंत तर बरं, हिंदीत आलं तरी चालेल. फक्त तारीख आणि मराठी शोची वेळ मे संपायच्या आत कळवा. जूनमध्ये लग्नसराई असते, क्रूझर मिळत नाहीत. या वेळी तीन लागतील, जुनी मुलंही येणार म्हणतायत. पॉलिटेक्निकवाल्याला मी अजून विचारलेलं नाही, पण त्याची सीट धरली आहे.

आपला,
अंबाजोगाईचा एक चित्रकला शिक्षक